उडी मागाहून बघा, आधी कान बघा

गुहागरच्या पुळणीवर घोड्यावर बसून फोटो काढलाय, एवढाच आपल्यातल्या बहुतेकांचा घोड्याशी संबंध. माझाही तेवढाच होता. मग एका मे महिन्यात, आंब्याच्या पेट्या भरून झाल्यावर पाय पसरून बसलो असताना मोबाइलवर इंग्लंडमधली क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानातून अडथळे ओलांडत घोडे पळवायची स्पर्धा, लागली. दोन तास नुसत्या उड्या बघितल्या. घोडा येतो, उडतो, जातो. पुढचा येतो, उडतो, जातो. तिसऱ्या तासाला डोळे मिटायला लागले.

शेजारी मामा बसले होते. मामांनी तरुणपणी शर्यतीत बैलगाडी हाकलेली आहे, पण असला प्रकार त्यांनी जन्मात बघितला नव्हता. तरी एक तपकिरी घोडा झाडीतून बाहेर येताच ते म्हणाले, "हा थांबणार बघ." आणि तो खरंच अडथळ्यासमोर पाय रोवून थांबला.

"मामा, कसं ओळखलंत?"

"कान बघ की रे त्याचे. एक कान पुढं, एक मागं. त्याचं ठरलेलंच नव्हतं."

त्या दिवसापासून मी हा खेळ वेगळ्या नजरेने बघायला लागलो. आता ओळखीपाळखीचे चारपाच जण माझ्याबरोबर बघतात आणि दर वेळी तेच प्रश्न विचारतात. ते एकदाचे लिहून टाकतो.

खेळ काय आहे, दोन मिनिटांत

या खेळाला इव्हेंटिंग म्हणतात. एकच घोडा, एकच स्वार, तीन परीक्षा. पहिली ड्रेसाज: मोकळ्या रिंगणात ठरवून दिलेल्या चाली, शिस्त आणि लवचीकपणा. दुसरी क्रॉस-कंट्री: माळ, उतार, झाडी, पाणी असं सगळं ओलांडत ठरलेल्या वेळात पळायचं. तिसरी शो जंपिंग: रंगीत दांड्यांवरून उड्या. मूळ कल्पना लष्करी घोड्यांच्या चाचणीची. कवायतीत देखणा, रणात दमदार आणि दुसऱ्या दिवशीही कामाला उभा राहणारा घोडा कोणता, हे शोधायचं. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार १९१२ च्या स्टॉकहोमपासून आहे.

इथे गुण म्हणजे दंड. कमी गुण असणारा पुढे. दहावीच्या निकालाची सवय असलेल्यांना पहिला अर्धा तास हे उलटं वाटतं. ड्रेसाजमध्ये ७२ टक्के मिळाले की १०० मधून वजा करून २८ गुण खात्यावर लागतात. तिथून पुढे आकडा फक्त वाढू शकतो, कमी होत नाही. म्हणून क्रॉस-कंट्री संपल्यावर एखाद्याच्या नावापुढे ड्रेसाजचाच आकडा कायम दिसला, तर त्याने कमाल केली असं समजायचं.

कुठली स्पर्धा, किती वाजता

सगळ्यात वरच्या पायरीला पाच तारे. अशा स्पर्धा जगात बोटांवर मोजण्याइतक्या: इंग्लंडमध्ये बॅडमिंटन आणि बर्ली, अमेरिकेत केंटकी आणि मेरीलँड, जर्मनीत लूमूलन, फ्रान्समध्ये पो, ऑस्ट्रेलियात ॲडलेड.

बॅडमिंटन मे महिन्यात असते आणि सुरुवात तिच्यापासूनच करावी असं माझं मत. १९४९ पासूनची, यातली सगळ्यात जुनी. शोधताना मात्र नुसतं 'बॅडमिंटन' लिहिलंत तर शटलकॉकच समोर येणार. ते उगीच नाही. पुण्यात गोरे लष्करी अधिकारी खेळायचे तो 'पूना' नावाने ओळखला जाणारा खेळ ज्या हवेलीच्या नावाने पुढे बॅडमिंटन झाला, त्याच हवेलीच्या आवारात हे घोडे धावतात. म्हणून 'हॉर्स ट्रायल्स' हे शब्द जोडून शोधा.

वेळेचा हिशेब असा. मे आणि सप्टेंबरात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे. तिथे सकाळी साडेअकराला पहिला घोडा निघाला तर आपल्याकडे दुपारचे चार, म्हणजे चहाबरोबर सुरू आणि दिवेलागणीनंतर संपतं. केंटकी एप्रिलअखेरीस, आपल्या साडेनऊ तास मागे. ती रात्रीची बैठक. लूमूलन जूनमध्ये, साडेतीन तास मागे, पण तेव्हा आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असतो. बर्ली सप्टेंबरच्या सुरुवातीला. कधी कधी नेमकी गणपतीत येते, मग घर माणसांनी भरलेलं असतं आणि टीव्ही आपल्या हाती लागत नाही. दोन वर्षं मी ती पडवीत, मोबाइलवर, आरतीच्या मधल्या वेळात बघितली आहे.

थेट प्रक्षेपण बहुतेक वेळा पैसे भरून बघावं लागतं. काही स्पर्धांची स्वतःची वाहिनी असते, काही क्लिपमायहॉर्स या घोड्यांच्या खेळांच्या संकेतस्थळावर दिसतात. तीन-चार दिवसांत क्रॉस-कंट्रीचा दिवस कुठला ते आधी बघून ठेवा. बहुधा शनिवार असतो. आणि गुणफलकाचं पान वेगळं उघडून ठेवाच. व्हिडिओ अडकला तरी ते पान काडीएवढ्या रेंजवर चालतं. आमच्याकडे एकदा शेवटचे पाच घोडे उरले असताना लाईट गेली, राऊटर मेला, आणि उरलेली स्पर्धा आम्ही विहिरीच्या कठड्याशी उभं राहून नुसत्या आकड्यांवर 'बघितली'. तरी मजा आली.

आदल्या दिवशी: नकाशा आणि गडगे (दगडी बांध)

इथे थोडा वेळ घालवा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मार्गाचा नकाशा आणि अडथळ्यांचे फोटो स्पर्धेआधी प्रसिद्ध होतात. स्वार हा मार्ग पायी तीन-चार वेळा फिरतात, ढांगा मोजतात, कुठून वळायचं ते ठरवतात. घोड्याला मात्र यातलं काहीच दाखवत नाहीत. तो सुरुवातीच्या चौकटीतून बाहेर पडतो तेव्हा पुढचं प्रत्येक वळण त्याला नवीन असतं. हे एकदा ध्यानात आलं की बघण्याची तऱ्हाच बदलते.

पाच ताऱ्यांच्या मार्गावर साधारण तीसेक क्रमांक आणि एकूण चाळीसेक उड्या असतात. पक्क्या अडथळ्याची उंची जास्तीत जास्त १.२० मीटर, वर झुडूप असेल तर १.४५ मीटर. अंतर सहा किलोमीटरच्या वर, म्हणजे गुहागरची पुळण या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वर थोडं. वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी चौतीस किलोमीटर. आपल्या वाडीच्या रस्त्यावर रिक्षासुद्धा त्या वेगाने कोणी हाकत नाही.

अडथळ्यांची नावं ऐकून घाबरू नका. हे सगळे आकार आपण शाळेत जाताना ओलांडलेले आहेत.

गडगा, मग दोन पावलांवर उतारात पऱ्या (छोटा ओहोळ), मग चढावर पुन्हा गडगा: हे 'कॉफिन'. नाव अशुभ, पण कल्पना सोपी. पहिली उडी मारताना घोड्याला पुढचा खड्डा अचानक दिसतो आणि तो दचकतो. वेगात आला तर फसतो, फार हळू आला तर जोर पुरत नाही. पऱ्यावर आडवं पडलेलं माडाचं खोड म्हणजे 'ट्रॅकेनर'. पूर्व प्रशियातल्या एका अश्वपैदास केंद्राच्या नावावरून आलेलं हे नाव. घोडा खोडाकडे न बघता खालच्या काळोखाकडे बघतो, भीती तिथे आहे. वरच्या कुणग्यातून (भातखाचरातून) खालच्या कुणग्यात मारलेली उडी म्हणजे 'ड्रॉप'. ती दोन मीटरपर्यंत खोल असू शकते. तिथे स्वार लगाम सैल सोडून मागे रेलतो. रेलला नाही तर घोड्याच्या कानांवरून पुढे जातो.

गडग्यातून आत शिरायला जेवढी बेड्याची (फाटकाची) जागा असते, जवळजवळ तेवढ्याच रुंदीचा उभा अडथळा म्हणजे 'स्किनी'. उंची फार नाही, पण घोडा जरा वाकडा आला की बगल देऊन बाजूने निघून जातो. 'कॉर्नर' म्हणजे दोन बांध एका कोपऱ्यात मिळतात तसा त्रिकोण: निमुळत्या टोकाकडून उडी सोपी, पण टोकाला बगल द्यायलाही तितकंच सोपं. आणि पाणी. बॅडमिंटनचं तळं, केंटकीचं 'हेड ऑफ द लेक', बर्लीचं 'ट्राउट हॅचरी', या ठिकाणी सगळ्यात जास्त प्रेक्षक उभे असतात. तळ किती खोल आहे हे घोड्याला पाण्यावरून कळत नाही. खाडीत पहिलं पाऊल टाकताना आपलं होतं तेच त्याचं होतं, फक्त तो ते उडी मारून टाकतो.

आणखी एक सापळा फोटोत दिसत नाही: उन्हातून सावलीत जाणं. भर दुपारी पुळणीवरून पोफळीच्या आगरात शिरलं की क्षणभर काही दिसत नाही ना? घोड्याचे डोळे तर आपल्यापेक्षा सावकाश सरावतात. मार्ग आखणारा झाडीच्या तोंडाशी अडथळा ठेवतो तो मुद्दाम.

नकाशावर एकाच क्रमांकाला अ, ब, क असे भाग दिसले की ती जोड उड्यांची जागा. तिथे बहुतेक वेळा दोन वाटा असतात: एक सरळ आणि अवघड, दुसरी वळसा घालून जाणारी, सोपी, पण सेकंद खाणारी. अशा तीन-चार जागा निवडून त्यांवर खूण करा. सगळ्या तीस अडथळ्यांचा अभ्यास करायला गेलात तर माझ्यासारखी गत होईल. पहिल्या वर्षी मी आठव्या क्रमांकापर्यंत टिपणं काढली आणि झोपलो.

वही

साधी शाळेची दोनशे पानी वही चालते. घोडा, स्वार, ड्रेसाजचा आकडा, मग तुम्ही निवडलेल्या जागांसाठी एकेक बारीक रकाना (सरळ गेला तर 'स', लांबून गेला तर 'लां', थांबला तर फुली), शेवटी वेळ आणि बेरीज. पहिले आठ-दहा घोडे झाले की वही बोलायला लागते. अमुक पाण्यावर पहिल्या सहांपैकी चौघे लांबून गेले असतील, तर सातव्याला ही बातमी मिळालेली असते. पुढचे स्वार आधीच्यांना बघून आपला बेत बदलतात, आणि तो बदल तुम्हाला तुमच्या रकान्यात दिसतो.

घोडा निघाला

चौकटीतून उलटी गणती होते आणि घोडा सुटतो. तीन-चार मिनिटांच्या अंतराने पुढचा. त्यामुळे एकाच वेळी मार्गावर तीन-तीन घोडे असतात आणि कॅमेरा या घोड्यावरून त्या घोड्यावर उड्या मारतो. नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो: चौथ्या अडथळ्यावर काळा घोडा बघितला, पंधराव्यावर पांढरा कसा झाला? स्वाराच्या छातीवरचा क्रमांक आणि अंगरख्याचा रंग ही ओळख धरा. स्वार सहसा आपला रंग बदलत नाहीत.

आता कान. अडथळ्याकडे येताना दोन्ही कान पुढे रोखलेले असतील तर घोड्याने अडथळा ओळखला आहे. एक कान मागे फिरत असेल तर तो स्वाराला विचारतोय. स्वाराने पायाने, बैठकीने वेळेत उत्तर दिलं तर ठीक. अगदी शेवटच्या दोन ढांगांपर्यंत कान डळमळत राहिले तर वहीत पेन्सिल ठेवा, फुली यायची शक्यता आहे.

दुसरं म्हणजे अडथळ्याआधीच्या चार ढांगा. उडी चांगली की वाईट हे तिथेच ठरतं. चांगला स्वार दुरूनच वेग बदलून घेतो आणि शेवटच्या ढांगांत काही करतच नाही. हात शांत, पाठ स्थिर. ज्याला तिथे लगाम ओढावा लागतो, घोडा डोकं वर फेकतो, ढांगा लहान-लहान होतात, त्याची उडी झाली तरी पुढच्या 'ब' भागाचं अंतर चुकतं. मोठ्याने मोजा: एक, दोन, तीन, चार, उडी. आमच्या पडवीत लहान पोरंसुद्धा आता मोजतात.

हे शिकायचं तर जर्मनीचे मिखाएल युंग बघा. २०१२, २०१६ आणि २०२४ अशी तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यांच्या नावावर आहेत, आणि अडथळ्यापुढे ते काही करतायत असं वाटतच नाही. लुसिंडा ग्रीन यांनी बॅडमिंटन सहा वेळा जिंकली, आणि सहाही वेळा वेगळ्या घोड्यावर. घोडा बदलला तरी त्याचं मन वाचणारं माणूस तेच, असं मला तो आकडा वाचून वाटतं.

घड्याळाचा हिशेब

प्रत्येक मार्गाला एक ठरलेला वेळ असतो. त्यापुढे प्रत्येक सेकंदाला ०.४ दंड. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण दहा सेकंद म्हणजे चार गुण, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या शो जंपिंगमधली एक दांडी पाडल्याइतकं. लांबच्या वाटेला पाच-सात सेकंद जातात. अशा तीन वाटा घेतल्या की ड्रेसाजमध्ये घाम गाळून मिळवलेली आघाडी मातीत.

आपल्याच माणसाचं उदाहरण घेऊ. बेंगळुरूचे फौआद मिर्झा टोकियो ऑलिंपिकमध्ये सेन्यूर मेदिकोट या घोड्यावर होते. ड्रेसाजचे गुण २८.००. १ ऑगस्ट २०२१ च्या क्रॉस-कंट्रीत अंतर ४४२० मीटर, ठरलेला वेळ ७ मिनिटं ४५ सेकंद. एकही अडथळा चुकला नाही, पण वेळेच्या दंडाचे ११.२० गुण लागले. ०.४ ने भागा: २८ सेकंद. बेरीज ३९.२०, आणि ड्रेसाजनंतर पहिल्या दहांत असलेला माणूस विशीच्या पलीकडे गेला.  एकही अडथळा न चुकता, फक्त अठ्ठावीस सेकंदांनी एवढी घसरण. शेवटी, शो जंपिंग धरून, ते २३ वे आले. (सिडनी २००० ला या प्रकारात मुंबईचे इम्तियाज अनीस होते, त्यानंतर वीस वर्षं आपलं कोणीच नव्हतं.)

स्वाराच्या मनगटावर मोठं घड्याळ असतं आणि त्याने मार्गावर मिनिटांच्या खुणा मनात पक्क्या केलेल्या असतात: या झाडाशी तीन मिनिटं, त्या पुलाशी पाच. तो मनगटाकडे बघतो तेव्हा तुम्हीही पडद्यावरच्या घड्याळाकडे बघा आणि त्यानंतर तो लांबची वाट घेतो की सरळ, ते बघा. स्पर्धेतला खरा जुगार त्या पाच सेकंदांत चालतो.

बाकीचे दंड असे: पहिला नकार २०, त्याच अडथळ्यावर दुसरा नकार ४०, मार्गावरचा तिसरा नकार म्हणजे बाहेर. घोडा किंवा स्वार पडला तर बाहेर, पुन्हा चढून पुढे जाता येत नाही. अडथळ्याच्या उजव्या बाजूला लाल निशाण आणि डाव्या बाजूला पांढरं. उडी मारली पण घोड्याचं सगळं अंग दोन्हींच्या मधून गेलं नाही, तर १५. काही अडथळ्यांना जोराचा धक्का बसला की मोडणारी खीळ असते, ती मोडली तर ११.

निकाल बदलतो तेव्हा

निशाणाचे १५ आणि खिळीचे ११ हे बऱ्याचदा नंतर व्हिडिओ बघून लावले किंवा काढले जातात. रात्री झोपताना तिसरा असलेला स्वार सकाळी नववा दिसला तर तुमची बेरीज चुकलेली नाही. वहीत पेन नको, पेन्सिल वापरा, ती यासाठीच.

मध्येच एखादा घोडा विनाकारण थांबलेला दिसेल, गोल गोल फिरताना. पुढे कोणी पडलेलं असतं म्हणून मागच्याला थांबवतात. तेवढा वेळ त्याच्या वेळेतून वजा होतो, पण पडद्यावरचं घड्याळ तोपर्यंत भलतंच काही दाखवत असतं. त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि पडझडीबद्दल सरळ सांगतो. हा धोक्याचा खेळ आहे. घोडे आणि स्वार दोघांचेही जीव गेलेले आहेत. त्या मोडणाऱ्या खिळी, स्वाराच्या अंगातलं हवेने फुगणारं जाकीट हे सगळं त्यातूनच आलं. पडलेल्या घोड्याभोवती पडदे धरतात आणि कॅमेरा दुसरीकडे जातो. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, आणि भाचीने रात्रभर "तो उठला का?" विचारलं. तो उठला होता, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शेवटच्या अडथळ्यानंतर टीव्ही लगेच पुढच्या घोड्याकडे वळतो. जमलं तर मागचं चित्र बघत राहा. चार-पाच माणसं घोड्यावर बर्फाचं पाणी ओततात, खोगीर उतरवतात, फिरवतात, पशुवैद्य नाडी बघतो. मामांना संपूर्ण दिवसात हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

दुसऱ्या दिवशी

शो जंपिंगआधी पशुवैद्यांसमोर प्रत्येक घोडा लगाम धरून पळवून दाखवावा लागतो. लंगडला तर आदल्या दिवशीचा पहिला क्रमांकही उपयोगाचा नाही. मग उलट्या क्रमाने उड्या: सगळ्यात मागचा आधी, पहिला शेवटी. दांड्या १.३० मीटरपर्यंत, आणि इथे त्या हलक्या असतात. काल पक्क्या लाकडावरून बेधडक गेलेला घोडा आज थकलेल्या पायाने दांडी पाडतो.

एक दांडी ४ गुण. वहीतली शेवटची बेरीज काढून प्रत्येकापुढे लिहा की त्याला किती दांड्या पाडायची मुभा आहे. पहिल्याची आघाडी ३.८ असेल तर शून्य. ४.२ असेल तर एक. बरोबर ४ असेल आणि एक पडली तर बरोबरी, आणि तेव्हा पुन्हा कालच्या क्रॉस-कंट्रीचा निकाल काढून बघतात. म्हणून शनिवारचं पान फाडू नका.